पुराव्याचं घर : ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या इतिहासाची मांडणी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर जुने कागद जमवले, वाचले आणि दुसऱ्यांना वाचायला शिकवले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात जुन्या वास्तूंविषयी आणि त्यांत मांडायच्या इतिहासाविषयी बोलावं, असं मला वाटलं. आपल्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत स्थानिक इतिहासाचं संग्रहालय उभं करायचं झालं, तर ते कुठे असावं, त्यात काय असावं आणि कसं मांडलेलं असावं, हा आजचा विषय आहे.

ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली झाली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली. तेव्हापासून आपण नाट्यगृहं बांधली, तलावांचे काठ बांधून काढले, पूल उभारले. १८६४ सालचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ सालचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर आपल्या आजोबा-पणजोबांनीच आपल्या हाती दिलं होतं. तरीही या परिसराची दोन हजार वर्षांची गोष्ट एका छताखाली, सलग, पुराव्यानिशी मांडणारी जागा आपल्याकडे नाही. मुलांना इतिहास दाखवायचा म्हटलं की आपण त्यांना लोकलने मुंबईला नेतो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. गावाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, हे दाखवणं हे स्थानिक संग्रहालयाचं पहिलं काम आहे. गावाचा अभिमान त्यातून येईलच, आणि तो टिकेल, कारण त्याच्या पायाशी पुरावा असेल. म्हणून अशा संग्रहालयातल्या प्रत्येक पाटीने तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत: इथे काय घडलं, हे कशावरून कळलं, आणि या गोष्टीत कोणाची बाजू अजून आपल्या हाती आलेली नाही. ही कसोटी लावली की वास्तू कशी निवडावी, भिंतीला हात कसा लावावा, दंतकथा कशी मांडावी, या पुढच्या सगळ्या प्रश्नांना वाट सापडते.

भिंत हाच पहिला पुरावा

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत आपण येता-जाता पाहतो. ती मुळात किल्ल्याची भिंत आहे. पोर्तुगीजांनी १७३० साली हा किल्ला बांधायला घेतला. साष्टी बेटावर मराठ्यांचा दबाव वाढत होता. किल्ल्याचं काम पुरतं संपायच्या आत, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या इथल्याच माणसांचं या मोहिमेला बळ होतं. दोन वर्षांनी वसई पडली. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन प्राणाला मुकला. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याचा तुरुंग झाला आणि आजही तो तुरुंगच आहे.

एका भिंतीने पाहिलेले हे चार काळ आहेत. अशा वास्तूत संग्रहालय मांडणाऱ्याला एकच काळ निवडण्याचा मोह होतो. कोणाला सतराशे सदतीस हवं असतं, कोणाला फक्त स्वातंत्र्यलढा. मग बाकीचे थर गिलाव्याखाली झाकले जातात, दारं बदलतात, ‘मूळ स्वरूप’ म्हणून कोणीतरी कल्पनेतला बुरूज बांधतो. हे पुरावा नष्ट करणं आहे. पोर्तुगीजांनी रचलेला दगड, नंतरची डागडुजी, तुरुंगासाठी बुजवलेली दारं आणि बसवलेले गज हे सगळं एकाच वास्तूचं चरित्र आहे. मांडणीने ते वाचता येईल असं करावं. भिंतीचा एक भाग उघडा ठेवावा आणि शेजारी तेवढ्याच मापाचं रेखाचित्र लावावं. कोणता थर कधीचा, तो कशावरून ओळखला, आणि जिथे तज्ज्ञांचं एकमत नाही तिथे तसं स्पष्ट लिहावं. शाळेतल्या मुलाला अशी एक भिंत वाचता आली तर पुढे त्याला गावातली प्रत्येक जुनी भिंत वाचावीशी वाटेल.

याच किल्ल्याने आपल्याला एक मोठा पुरावा दिला आहे. १७८७ साली किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट सापडले. ते होते उत्तर कोकणच्या शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चे, जमिनीच्या दानाचे. त्यात श्रीस्थानक नगराचा उल्लेख आहे. रामलोचन पंडितांनी लावलेल्या अर्थाच्या आधारे त्याचं इंग्रजी भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापून आलं. म्हणजे भारतीय कोरीव लेखांच्या आधुनिक अभ्यासाची जी पहिली पानं आहेत, त्यांत ठाण्याची माती आहे. आज तो ताम्रपट ठाण्यात पाहायला मिळत नाही. म्हणून तो मांडायचाच नाही का? मांडायचा, पण शोधाची गोष्ट म्हणून: पाया खणणारे मजूर, संस्कृत वाचणारा पंडित, ते कागद पुढे पाठवणारा इंग्रज सेनाधिकारी, आणि हजार वर्षांपूर्वीचं गावाचं नाव. त्या मजुरांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही पाटीवर यावं.

कैद्यांची दालनं

तुरुंग म्हणून या वास्तूचा इतिहास सांगताना जास्त जबाबदारीने वागावं लागेल. ब्रिटिशांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिलं गेलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फासावर चढवलं. कान्हेरे तेव्हा अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांचे होते. अंदमानला नेण्याआधी विनायक दामोदर सावरकरांनाही इथे ठेवलं होतं.

अशा ठिकाणी पुतळे उभे करून, दोर टांगून, आवाज आणि लाल दिवे लावून प्रसंग ‘जिवंत’ करण्याची पद्धत हल्ली पडली आहे. मी त्याला ठाम विरोध करतो. फाशीची जागा मोकळी असावी. नाव, वय, गाव, आरोप, खटल्याची तारीख आणि फाशीची तारीख एवढंच तिथे असावं, आणि बसायला एक बाक. खटल्याचे कागद, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, कुटुंबीयांच्या आठवणी हे सगळं शेजारच्या दालनात, सावकाश वाचता येईल असं. राघोजींचं नाव आणि नाशिक कटातल्या तिघांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत असावीत. डोंगरातला महादेव कोळी बंडखोर आणि शहरातला शिकलेला तरुण यांच्यात भिंतीवरच्या अक्षरांनी उच्चनीच करू नये. आणि ज्यांच्यावर कोणी पोवाडा रचला नाही, ज्यांनी दुष्काळात धान्य चोरलं किंवा सारा भरला नाही, असे साधे कैदीही तुरुंगाच्या इतिहासात असतात. तुरुंगाच्या नोंदवह्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचता येईल, तेवढं पोहोचावं.

तुरुंग चालू असताना त्यात संग्रहालय करणं सोपं नाही, हे मी जाणतो. पण अशक्यही नाही. राज्य सरकारने २०२१ च्या प्रजासत्ताक दिनापासून येरवड्यात तुरुंग पर्यटन सुरू केलं. गोव्यात आग्वादच्या किल्ल्यातला तुरुंग, जिथे मुक्तिसंग्रामातले सत्याग्रही कोंडले गेले होते, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. ठाण्यातही तटाबाहेर, रस्त्यालगत एखाद्या खोलीपासून सुरुवात करता येईल.

त्र्यंबकजी डेंगळे आणि गाण्याचा पुरावा

याच किल्ल्यातली आणखी एक गोष्ट पुराव्याचा धडा म्हणून मोलाची आहे. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ सालच्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्याला युरोपीय शिपाई होते. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्र्यंबकजी निसटले. घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार मराठीत गाणं म्हणत होता, त्या गाण्यातून त्याने बेत आत कळवला आणि पहारेकऱ्यांना मराठी येत नसल्यामुळे काही कळलं नाही, अशी ही गोष्ट आहे.

आता पाटी लिहायला बसा. पलायनाची तारीख सरकारी पत्रव्यवहारातून मिळते. गाण्याची गोष्ट मात्र प्रामुख्याने बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूच्या प्रवासवृत्तातून पसरली. तो १८२५ साली मुंबईकडे आला होता, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी. पुन्हा पकडल्या गेलेल्या त्र्यंबकजींना त्याने चुनारच्या कैदेत पाहिलं होतं. मराठी गाण्याचा साक्षीदार इंग्रज बिशप! दोन्ही पुरावे शेजारी शेजारी मांडले, त्यांच्या तारखा लिहिल्या, की पाहणाऱ्याला न सांगता कळतं की बातमी आणि आठवण यांत फरक असतो आणि इतिहासाला दोन्ही लागतात. अशा दालनात मूळ वस्तू एकही नसली तरी चालेल.

कल्याण : दूरदेशीची साक्ष

कल्याणची अडचण वेगळी आहे. शहर फार प्राचीन, पण जमिनीवर त्या काळाचं फारसं काही उभं नाही. प्राचीन कल्याणचा पुरावा कल्याणबाहेर आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात कल्याण बंदर येतं. थोरल्या सातकर्णी राजाच्या काळात तिथे रीतसर व्यापार चाले, पुढे सत्ता बदलल्यावर अडथळे आले आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं तो लेखक सांगतो. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी कल्याणच्या व्यापाराची आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या, इराणातून नेमलेल्या बिशपची नोंद करतो.

आणि या दोघांपेक्षा मला जवळचा वाटतो तो कान्हेरीचा एक छोटा लेख. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने कान्हेरीच्या डोंगरावर पाण्याची पोढी, म्हणजे खोदीव टाकी, दान दिली. राजा नाही, सेनापती नाही. आपल्या गावचा एक कारागीर. कल्याणचं दालन या सोनारापासून सुरू व्हावं, असं मला वाटतं. लेखाचा हुबेहूब ठसा, खाली आजच्या मराठीत अर्थ, आणि बाजूला कल्याण, कान्हेरी, सोपारा, नाणेघाट, जुन्नर दाखवणारा मोठा नकाशा. उल्हास नदी आणि खाडी त्यावर ठळक असावी, कारण कल्याण कल्याण झालं ते या पाण्यामुळे. मुलांनी बोट ठेवून घाटावरचा माल खाडीपर्यंत आणावा. पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहावा: एवढं मोठं बंदर मागे का पडलं? तिथे गाळाविषयी, बदलत्या सत्तांविषयी, मुंबईच्या वाढीविषयी बोलता येतं.

पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीवर मराठ्यांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली. जहाजं बांधायला पोर्तुगीज कारागीरही लावले गेले होते. भारतीय नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकिनारी आणली गेली आहे, ती याच वारशाशी नातं सांगण्यासाठी. हा उपक्रम मोलाचा आहे. पण आजची नौका आणि सतराव्या शतकाचं आरमार यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते मांडणीने भरून काढलं पाहिजे. गलबत कसं बांधतात, सागाचं लाकूड कुठून यायचं, फळ्यांच्या सांध्यात काय भरायचे, भरतीचं वेळापत्रक काय, हे इथल्या कोळी आणि खारवी कुटुंबांना आजही सांगता येईल. त्यांना बोलावून, त्यांच्या तोंडून ते ध्वनिमुद्रित केलं पाहिजे.

दुर्गाडीवर दुर्गेचं देऊळ आहे आणि ईदगाहही आहे. त्या जागेवरून झालेले वाद शहराला ठाऊक आहेत. संग्रहालयाने न्यायाधीश होऊ नये आणि डोळेही मिटू नयेत. कोणता कागद कधीचा, कोणता नकाशा काय दाखवतो, एवढं शांतपणे समोर ठेवावं.

सुभेदाराची सून

आता कल्याणच्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीकडे येतो. आबाजी सोनदेवाने कल्याणच्या सुभेदाराची सून महाराजांपुढे आणली आणि महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवलं, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. नाटकांत, चित्रांत, कीर्तनांत ती आहे. मात्र आपण ती ज्या रूपात सांगतो, त्या रूपात ती समकालीन कागदांत सापडत नाही.

संग्रहालयाने काय करावं? काही जण म्हणतील, पुरावा नाही तर वगळा. मी म्हणतो, वगळू नका. ती गोष्ट महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला सांगितली, हाच एक इतिहास आहे. तिच्यासाठी स्वतंत्र कोपरा असावा. गोष्ट कशी सांगितली जाते, कोणत्या काळात ती चित्रांत आणि रंगभूमीवर आली, ते दाखवावं. आणि त्याच कोपऱ्यात खाफीखानाची साक्ष ठेवावी. हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, शिवाजी महाराजांवर कडवट टीका करणारा. तरीही त्याने लिहून ठेवलं आहे की मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव द्यायचा नाही, असा महाराजांचा सक्त नियम होता. विरोधकाने दिलेली ही कबुली कोणत्याही नाटकापेक्षा वजनदार आहे. पाहणारा तिथून निघताना दोन गोष्टी घेऊन निघेल: एक प्रसंग सिद्ध करता आला नाही, पण ज्या वागणुकीसाठी तो सांगितला जातो, त्या वागणुकीला शत्रूच्या लेखणीचा आधार आहे. दंतकथेला हात लावताना घाबरायचं कारण नाही. पुराव्याची पायरी नीट दाखवली की श्रद्धेचा अपमान होत नाही.

एका मुलीचा प्रवास

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. लग्नानंतर ती आनंदीबाई झाली. १८८६ साली तिने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरची पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षांची व्हायच्या आधी, ती गेली. तिची रक्षा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, तिला आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे.

आनंदीबाईंवर पुस्तकं आहेत, नाटक आहे, चित्रपट आहे. कल्याणच्या संग्रहालयाने ते सगळं पुन्हा सांगू नये. कल्याणलाच सांगता येईल असं सांगावं: १८६५ च्या कल्याणमध्ये मुलीचं आयुष्य कसं होतं? माजघर कसं होतं, विहीर किती लांब, बाळंतपण कोण करायचं, मुलींची शाळा होती का, वैद्य कोण होते? तिचं एक मूल जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलं आणि डॉक्टर होण्याच्या तिच्या निश्चयाला ते दुःख कारण झालं. एका जुन्या वाड्यात, खऱ्या माजघरात, कमी उजेडात ही मांडणी केली तर वास्तू स्वतःच अर्धं काम करते. अशा खोलीत रंगीत पडदे आणि मोठे टीव्ही लावून तिचा अंधार घालवू नये.

ओल, उजेड आणि वाळवी

आता कारागिरीच्या गोष्टी. जुन्या वास्तूत संग्रहालय करताना वास्तूला इजा होणार नाही, हा पहिला नियम. कोकणपट्टीच्या जुन्या भिंती दगडाच्या किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग दिला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, आणि काही पावसाळ्यांत दगड झडू लागतो. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी. भिंतीला खिळा मारू नये. फलक आणि काचपेट्या स्वतःच्या पायांवर, भिंतीपासून काही बोटं अंतर सोडून उभ्या कराव्यात, म्हणजे मागे वारा खेळतो. उद्या मांडणी काढली तर वास्तू जशी होती तशी राहिली पाहिजे. कडीपाटाच्या मजल्यावर शाळेचा पूर्ण वर्ग एकदम चढवायच्या आधी अभियंत्याकडून तुळया तपासून घ्याव्यात.

जून ते सप्टेंबर आपल्या हवेत एवढा दमटपणा असतो की कागदाला बुरशी धरते, लोखंड गंजतं, आणि वाळवी व कसर आपलं काम करतात. दिवसा वातानुकूलन चालवून रात्री बंद केलं तर कागद रोज फुगतो आणि आकसतो. त्यापेक्षा घट्ट बसणाऱ्या काचपेट्या, त्यांत ओल शोषणारी सिलिका जेल, आणि दालनात खेळती हवा अधिक उपयोगी पडते. कागद, कापड आणि जुनी छायाचित्रं यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड नसावा, आणि ऊन तर कधीच नाही. मूळ कागद काही महिने मांडावा, मग पेटीत विश्रांतीला ठेवावा आणि त्याच्या जागी उत्तम प्रत लावावी. ती प्रत आहे, हे ठळक लिहावं. तांब्या-पितळेच्या जुन्या वस्तू चिंच किंवा पावडर लावून चकाकवू नयेत. त्यांच्यावर चढलेला थर हाही पुरावाच आहे.

जुनी वास्तू आणि संग्रहालय यांचं नातं जमवता येतं, याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातले अवशेष आहेत. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या राजवाड्यात संग्रहालय आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुलं झालं. महापालिका आणि खाजगी संस्थांनी मिळून त्याचं जतन केलं आणि त्याला २००५ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. म्हणजे महापालिकेच्या मालकीचं संग्रहालय उत्तम होऊ शकतं.

डोंबिवली : साध्या माणसाचा इतिहास

डोंबिवलीत किल्ला नाही, राजवाडा नाही. मग तिचं काय मांडायचं? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, चौतीस किलोमीटर. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. तेव्हापासून या परिसराचा इतिहास रुळांवर लिहिला गेला आहे. भाताची शेतं, मिठागरं आणि आगरी-कोळी गावं यांच्यामधून रूळ गेले. मग चाळी आल्या, मग गृहनिर्माण संस्था. पास, जेवणाचा डबा, डब्यातलं भजन, सोसायटीचा भागदाखला, शिधापत्रिका, दिवाळी पहाटेचा फडके रोड, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा हे सगळं संग्रहालयात येण्याच्या योग्यतेचं आहे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे इथे राहिले, २०१७ साली साहित्य संमेलन इथे भरलं, हेही येईल. आणि औद्योगिक वसाहतीतले २०१६ आणि २०२४ सालचे स्फोटही यावेत, त्यांत गेलेल्या कामगारांसह. शेजारच्या कल्याण छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. त्यांच्या घरातली एखादी पेटी, एखादं कुलूप आपल्या गोष्टीबाहेर कसं ठेवणार?

ठाण्यातही टेंभी नाक्याच्या आसपास थोड्या अंतरात पारशी अग्यारी आहे, १८७९ सालचं बेने इस्रायल ज्यूंचं सिनेगॉग आहे. जवळच चेंदणीचा कोळीवाडा आहे, येऊरच्या डोंगरात वारली पाडे आहेत. यांच्यापैकी प्रत्येकाकडे ‘तुमच्या घरातलं काय मांडू?’ असं विचारत जायला हवं, आणि त्यांच्या वस्तूची पाटी लिहिताना त्यांना शेजारी बसवायला हवं.

पाटी लिहिणं हे कौशल्याचं काम आहे. एका पाटीवर साठ-सत्तर शब्दांहून जास्त नसावेत, वाक्यं छोटी असावीत, अक्षर ज्येष्ठांना चष्म्यातून वाचता यावं एवढं मोठं असावं आणि दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरही काही असावं. अंधांना हाताने वाचता येतील अशा किल्ल्याच्या आणि खाडीच्या प्रतिकृती असाव्यात. मराठी सर्वांत आधी, मग हिंदी आणि इंग्रजी. आणि बाक, पाणी, स्वच्छतागृह. उभं राहून कंटाळलेला माणूस इतिहास वाचत नाही.

सुरुवात कुठून करायची

मोठ्या इमारतीची वाट पाहत बसलो तर हे काम होणार नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरपासून ते डॉ. दाऊद दळवी यांच्यासारख्या अभ्यासकांच्या आणि कोकण इतिहास परिषदेच्या कामापर्यंत आधार भरपूर आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागद आहेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात इंग्रजी आणि मराठी दप्तरं आहेत. १८६६ साली ठाण्यात निघालेल्या ‘अरुणोदय’सारख्या वृत्तपत्रांची पानं आहेत. त्यांच्या प्रती आणता येतील. दोन्ही महापालिकांनी प्रत्येकी एक जुनी वास्तू निवडावी, तिचं मोजमाप आणि जतनाचा आराखडा आधी करावा आणि एक प्रशिक्षित अभिरक्षक कायमस्वरूपी नेमावा. अभिरक्षकाविना उघडलेलं संग्रहालय काही वर्षांत गोदाम होतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्याची नोंदणी आणि देणगीची लेखी कागदपत्रं पहिल्या दिवसापासून नीट ठेवावीत. ज्याने वस्तू दिली त्याला पोच आणि विश्वास दोन्ही मिळाले पाहिजेत.

आणि तुम्हाला, श्रोत्यांना, माझी एक विनंती आहे. या सभागृहातल्या प्रत्येक घरात पुरावा आहे: जुना सातबारा, मिठागराची पावती, गिरणीचा किंवा कारखान्याचा ओळखपत्राचा तुकडा, लग्नातला समूहफोटो, आजीची पत्रं. घर पुनर्विकासाला जातं तेव्हा हे सगळं रद्दीत जातं, आणि आपल्या तिन्ही शहरांत आज गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एकदा ते कागद पाहा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, पेनाने नव्हे, माणसांची नावं, ठिकाण आणि साल लिहा. ज्यांना ती नावं सांगता येतात ते वडीलधारे आज आपल्यात आहेत. त्यांना याच आठवड्यात विचारा. मूळ कागद द्यायचा नसेल तर देऊ नका, त्याची प्रत ग्रंथसंग्रहालयाला किंवा वाचनालयाला द्या. वास्तू मिळवणं हे पालिकेचं काम आहे आणि त्यासाठी आपण आग्रह धरत राहू. पण त्या वास्तूत मांडायचा पुरावा आपल्या घरांत आहे, आणि तो जपणं आपल्याशिवाय दुसऱ्या कोणालाही जमणार नाही.